खाटेखालच्या विटा

मानवी देहाच्या अवयवांत मानापमानाची जी उतरंड आपल्या समाजाने रचून ठेवली आहे, तीत पायांची जागा अगदी तळाची. मस्तकाला पागोटे, कपाळाला गंध, गळ्याला माळ, मनगटाला कंकण. पायांच्या वाट्याला वाटेवरची धूळ. सोने कमरेच्या खाली घालू नये, असा दंडक असल्यामुळे पायांना दागिना मिळाला तोही चांदीचा. गुरूंचे, वडीलधाऱ्यांचे आणि देवाचे पाय तेवढे वंदनीय; आपले स्वतःचे पाय ही मात्र चारचौघांत आवरून, झाकून ठेवण्याची वस्तू. मोठ्यांसमोर पाय पसरून बसू नये, पुस्तकाला पाय लागला तर लगेच नमस्कार करावा, देवघराकडे पाय करून निजू नये, हे संस्कार आमच्या पिढीवर बाळगुटीबरोबर झाले. असे असता, ज्या व्याधीचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय पाय हृदयाहून उंच ठेवणे हाच आहे, ती नेमकी आमच्या घरात दोघांना जडावी, यात नियतीचा थोडासा मिस्कीलपणा असला पाहिजे.

या व्याधीला मराठी वैद्यक परिभाषेत 'अपस्फीत नीला' असे भारदस्त नाव आहे. डॉक्टर 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात, आणि घरीदारी 'शिरा फुगल्या' एवढ्यावर काम भागते. पोटरीच्या आतल्या अंगाने, गुडघ्याच्या मागच्या खोबणीत, कधी थेट मांडीपर्यंत, सुतळीच्या पिळासारख्या निळसर, गाठाळ शिरा कातडीखालून उचलून येतात. सकाळी पाय हलका असतो. दिवस कलला की तो जड होत जातो, घोट्यापाशी सूज दाटते, खाज सुटते, आणि ऐन मध्यरात्री पोटरीत असा गोळा येतो की माणूस अंथरुणात ताडकन उठून बसतो.

आमच्या पदरात हे दान तेहतीस वर्षांच्या मास्तरकीने टाकले. वर्गात शिक्षकासाठी खुर्ची असे, परंतु ती शोभेची. बसून शिकविणारा शिक्षक आळशी, अशी त्या काळच्या तपासनिसांची ठाम समजूत होती. आणि फळ्यावर भूमितीची आकृती काढावयाची तर उभे राहणे भागच. अर्थात सारा दोष फळ्यावर लोटणे न्यायाचे होणार नाही. आमच्या वडिलांच्या पोटरीवरही असेच निळे जाळे होते. ते धोतर वर खोचून विहिरीचे पाणी शेंदीत असत तेव्हा आम्ही लहानपणी त्यांच्या पायांवर नकाशातल्या नद्या शोधल्याचे आठवते. ही व्याधी पुष्कळदा घराण्यातून चालत येते. उभे राहण्याचे काम, वाढते वय आणि वजन, आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपण ही तिला खतपाणी घालतात.

घरातील दुसऱ्या रुग्ण म्हणजे आमच्या वहिनी. आमच्या दिवंगत थोरल्या बंधूंच्या पत्नी. वयाने आमच्याहून चार वर्षांनी मोठ्या, अधिकाराने चाळीस. बेळगावच्या आमच्या या घरात त्या आल्या तेव्हा स्वयंपाक चुलीपुढे बसून होत असे. पुढे घरात ओटा आला, गॅसची शेगडी आली. धुरापासून सुटका झाली याचे सर्वांना कौतुक वाटले, आणि ते रास्तही होते. परंतु बसून स्वयंपाक करणारी बाई त्या दिवसापासून उभी राहिली ती आजतागायत उभी आहे, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. चार बाळंतपणे आणि ओट्यापुढची चाळीसहून अधिक वर्षे, हा वहिनींच्या पायांचा हिशेब.

आता या शिरा का फुगतात, ते आम्हाला जसे उमगले तसे सांगतो. आमच्या लहानपणी बेळगावात संगीत नाटकांच्या कंपन्या येत आणि रंगमंचापुढे पायपेटी मांडलेली असे. या गावाला पेटीचे वेड जुनेच, पं. रामभाऊ विजापुरे यांनी येथेच बसून पिढ्यान्‌पिढ्यांना पेटी शिकविली. पायपेटीवाला दोन्ही पायांनी भाता मारतो, वारा आत जातो, आणि भात्याला आतून लावलेली झडप तो वारा उलटा बाहेर येऊ देत नाही. झडप फाटली की वादकाने कितीही पाय मारले तरी सूर धरत नाही. आपल्या पायांत हुबेहूब हीच रचना आहे. हृदय रक्त खाली ढकलते. ते वर परत नेण्याचे काम पोटरीच्या स्नायूंनी करावयाचे. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळते आणि आतल्या नीला पिळल्या जाऊन रक्त वर चढते. नीलांमधील इवल्याशा झडपा ते परत खाली उतरू देत नाहीत. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते याचसाठी. माणूस नुसता निश्चल उभा राहिला की घोट्याजवळच्या नीलेत सुमारे 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. निरोगी माणूस चालू लागला की तोच उतरून 20 ते 30 च्या आसपास येतो. झडपा सैल झाल्या की चालूनही हा दाब पुरेसा उतरत नाही. रक्त खाली तुंबते, शिरा ताणतात, ताणल्यामुळे झडपा आणखी सैल होतात. एकदा बिघडलेली झडप तेलाने, लेपाने किंवा काढ्याने पुन्हा सांधता येत नाही. तेव्हा घरी करावयाचे ते उपचार रोग मुळापासून घालविणारे नव्हेत. पायांचा भार रोजच्या रोज हलका करणे, एवढेच त्यांचे काम. ही गोष्ट आरंभीच मनाशी पक्की केली म्हणजे पुष्कळ पैसा आणि निराशा वाचते.

या झडपांचा इतिहासही मौजेचा आहे. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिचियस याने 1603 साली त्यांच्यावर सचित्र पुस्तक लिहिले, परंतु त्या कशासाठी आहेत हे त्याला नीट उमगले नाही. पायांकडे जाणारे रक्त त्या थोपवून धरतात, अशी त्याची कल्पना होती. त्याचाच शिष्य विल्यम हार्वी. नीलांतील रक्त हृदयाकडे जाते आणि झडपा ते मागे येऊ देत नाहीत, हे 1628 साली त्याने जगापुढे मांडले आणि रक्ताभिसरणाचे कोडे सुटले. व्याधी मात्र याहून कितीतरी जुनी. आपल्याकडे सुश्रुताने ग्रंथींच्या प्रकारांत 'सिराज ग्रंथी' सांगितली आहे आणि अशक्त माणसाच्या अतिश्रमाशी तिचा संबंध जोडला आहे. रोमचा सेनापती मारियस याच्या पायांवर अशाच शिरा होत्या. स्वतःला बांधून न घेता त्याने एका पायाची शस्त्रक्रिया मुकाट्याने सोसली आणि दुसरा पाय पुढे करावयास सांगताच साफ नकार दिला, असे प्लुटार्कने त्याच्या चरित्रात लिहून ठेवले आहे. एवढ्या वेदनेच्या मोलाचा तो लाभ नाही, असे त्याला वाटले. आम्ही ही कथा वहिनींना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, पण एका पायाची तरी करून घ्यायला त्याला सवड मिळाली. घरी भाकऱ्या थापायच्या नसतील त्याला."

सवड हाच या प्रकरणातील कळीचा शब्द होय. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, 2013 मध्ये, आम्ही डॉक्टरांना पाय दाखविले. त्यांनी उभे करून पाय पाहिले, डॉपलर सोनोग्राफीने झडपांची परीक्षा केली आणि सांगितले की तूर्त शस्त्रक्रियेची घाई नाही. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटे पाय छातीच्या वर राहतील असे निजावे, एका जागी फार वेळ उभे राहू नये, तसेच पाय लोंबते सोडून बसूही नये, रोज चालावे, वजन आटोक्यात ठेवावे, आणि दिवसा दाब देणारे मोजे घालावेत. औषध म्हणून काही दिलेच नाही, याचे आमच्या सौभाग्यवतींना आश्चर्य वाटले. त्यांचे माहेर गोव्यातले, पेडण्याचे. त्यांच्या वडिलांची लांब हातांची, पाय टाकावयाच्या पट्ट्या फिरवून पुढे काढता येणारी आरामखुर्ची आमच्या ओसरीवर होती. आम्ही ती वापरात आणली, परंतु तिच्यावर पाय उंच होतात ते कमरेइतके; छातीच्या वर जात नाहीत. म्हणून दुपारचे जेवण झाले की सतरंजीवर उताणे निजून दोन्ही टाचा भिंतीला लावण्याचा परिपाठ सुरू झाला. रात्रीसाठी खाटेच्या पायथ्याकडील दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा गेल्या. एक वीट आडवी ठेवली तर तीन इंच. दोन ठेवल्या म्हणजे सहा. एवढा उतार पुरतो. याहून जास्त केल्यास माणूस रात्रीतून उशीच्या बाजूला घसरत जातो, हा आमचा स्वानुभव आहे. ज्यांना हृदयाचा विकार आहे किंवा सपाट निजताच धाप लागते, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून या विटांच्या वाटेला जाऊ नये.

पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता म्हणून त्याने देवाला उभे राहण्यासाठी वीट फेकली, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. वहिनी आमच्या विटांकडे पाहून हसत आणि म्हणत, "तुमच्या विटा निजायच्या, पांडुरंगाची उभं राहायची." त्यांच्या स्वतःच्या खाटेखाली विटा नव्हत्या. आमची व्याधी त्यांच्या मानाने किरकोळ होती. त्यांच्या डाव्या पायाच्या घोट्यावर, आतल्या अंगाला, कातडी तपकिरी-काळसर पडून कागदासारखी पातळ झाली होती. डॉक्टरांचा सल्ला त्यांनी आमच्याकडून ऐकला होता आणि तो त्यांना तोंडपाठही होता. परंतु आमच्या घरात पुरुषाने भरदुपारी भिंतीला पाय लावून निजावे, ही फार तर गमतीची गोष्ट ठरते. सूनबाईने, मग ती सत्तरीची का असेना, येत्याजात्या माणसांसमोर पाय वर करून पडावे, हे घराच्या भिंतींनाही रुचत नाही. त्यांना कोणी मनाई केली नव्हती. कोणी 'जरा पडा' असे म्हणालेही नव्हते.

2022 च्या आषाढी एकादशीचा आदला दिवस. सकाळी वहिनी न्हाणीघरात गेल्या. कढत पाण्याने अंघोळ करावयाची त्यांची जुनी सवय. घोट्यावरच्या त्या पातळ कातडीवरची एक बारीकशी खपली निघाली आणि तेथून रक्ताची चिळकांडी उडू लागली. दुखले काहीच नाही. फरशीवरून वाहत येणारे पाणी लाल दिसले तेव्हा त्यांना कळले. त्यांनी हाक मारली तीसुद्धा अगदी सावकाश. घरातील मंडळी धावली. त्यांना खुर्चीवर बसविण्यात आले, कोणी हळद आणली, कोणी थंड पाणी ओतले, आणि पुतण्याने गुडघ्याच्या वर पंचा करकचून आवळला. रक्त थांबावे म्हणून केलेल्या या उपायाने ते अधिकच वाहू लागले. तसे का व्हावे, ते भात्याची रचना ध्यानात घेतली तर सहज कळते: खुर्चीवर बसलेल्या माणसाचा पाय खाली लोंबतो, त्यामुळे घोट्यातील दाब तसाच राहतो, आणि वरून आवळलेला पंचा रोहिण्यांतून खाली येणारे रक्त पुरते अडवू शकत नाही, नीलांतून वर परतणारे मात्र अडवितो.

आमच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. मूळच्या म्हापशाच्या, हयात बेळगावच्या इस्पितळांत गेली. गल्लीत सर्वजण त्यांना सिस्टर म्हणतात. आरडाओरडा ऐकून त्या मागच्या दाराने आत आल्या आणि उंबऱ्यातूनच ओरडल्या, "पयलीं तिका न्हिदयात! पांय वयर!" त्यांनी पंचा सोडविला, वहिनींना तेथेच ओल्या फरशीवर निजविले, पाय आमच्या हाती दिला आणि तो उंच धरावयास सांगितले. दुसऱ्या हातात स्वच्छ रुमालाची घडी देऊन म्हणाल्या, "हांगा दाम. सोडूं नाका." दहा मिनिटे घड्याळ लावून; मध्येच रुमाल उचलून पाहावयाचे नाही. पाय वर जाताच चिळकांडीचा जोर ओसरला तो आम्ही डोळ्यांनी पाहिला.

लक्ष्मणाला सीतेचे बाजूबंद ओळखता आले नाहीत, कुंडले ओळखता आली नाहीत. नित्य पायांना वंदन करीत असल्यामुळे पैंजण तेवढे ओळखता आले, असे रामायणात आहे. आम्हीही दर दिवाळीला आणि दसऱ्याला वहिनींच्या पायांना हात लावून नमस्कार करीत आलो. पन्नास वर्षांत तेवढाच त्या पायांचा परिचय. त्या दिवशी तो पाय दहा मिनिटे हातात होता. टाचेच्या भेगा, जोडवी रुतून पडलेला खळगा, पोटरीवर ताणून उभ्या राहिलेल्या शिरा, आणि त्या सगळ्याचे वजन. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या. मध्येच त्या पुटपुटल्या, "भाऊजी, सोडा आता. बरं दिसत नाही." सिस्टरांनी त्यांना गप्प बसविले. रक्त थांबले. घडीवर पट्टी बांधून, पाय उंच ठेवूनच, त्यांना गाडीत आडवे घालून इस्पितळात नेले. तेथील डॉक्टर म्हणाले की अशा रक्तस्रावात माणसे दगावतात ती बहुधा एकटी असताना, उभी किंवा बसलेली राहिल्यामुळे. निजून पाय वर केला आणि बोटांनी दाबून धरले, तर प्राण वाचविण्यास बहुतेक वेळा एवढे पुरते. ही गोष्ट ज्यांच्या घरी फुगलेल्या शिरांचे माणूस आहे त्या प्रत्येक घराला ठाऊक असावी, म्हणूनच हा सगळा प्रपंच आम्ही छापावयास दिला. वहिनींची त्याला संमती आहे.

घरी परतल्यावर वहिनींच्या खाटेखाली विटा घालावयाचे ठरले आणि एक नवाच पेच उभा राहिला. त्यांच्या खोलीच्या उत्तरेला देवघर. डोके दक्षिणेकडे ठेवले तर पाय देवाकडे होतात. आजवर त्या निजत होत्या त्याप्रमाणे डोके पूर्वेकडे ठेवून पायथा उचलावा, तर खाटेचा तो भाग नेमका दाराच्या उंबऱ्यावर येई आणि विटा ठेवण्यास जागाच उरत नसे. पश्चिमेकडे डोके केले तर कपाट उघडत नाही. आणि उत्तरेकडे डोके करून निजणे म्हणजे मृताची दिशा. देवाकडे पाय करावयाचे, आणि तेही सहा इंच उंचावून, हे वहिनींना कसे रुचावे? भटजींना विचारले. ते सत्तरी उलटलेले, अनुभवी गृहस्थ. म्हणाले, "आतुराला नेम नाही, काकू. खुशाल निजा." तरीही वहिनींची रात्र तळमळत गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच निर्णय दिला. खाट जागची हलविली नाही, देव हलले. देव्हारा उत्तरेच्या भिंतीवरून माजघरातल्या पूर्वेच्या कोनाड्यात गेला, त्याची यथासांग पूजा झाली, आणि त्या संध्याकाळी वहिनी डोके दक्षिणेकडे करून, विटांवर उचललेल्या खाटेवर निजल्या. चाळीस वर्षे एका जागी असलेले देव त्या घरात कोणाच्या पायांसाठी हललेले आम्ही प्रथमच पाहिले.

मोज्यांचे प्रकरण याहून लांबले. दाब देणारे हे मोजे साधे नसतात. घोट्याशी त्यांचा दाब सर्वांत अधिक आणि वर जाता जाता कमी होत जातो. कॉनराड जॉब्स्ट नावाच्या अमेरिकन अभियंत्याला स्वतःला पायांच्या नीलांचा विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्याच्या ध्यानात आले. पाणी जितके खोल तितका दाब अधिक, म्हणून पावलांशी सर्वांत जास्त. तोच दाब कापडात विणता येईल, या विचारातून त्याने 1950 च्या सुमारास असे मोजे तयार केले. आमच्याकडे मात्र ही कल्पना ट्रंकेतून निघाली. आमचे आजोळचे आजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढून आलेले. त्यांच्या लोकरी पायपट्ट्या अजून जपून ठेवल्या आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र 1922 पासून आमच्या गावात आहे, त्यामुळे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी गुंडाळलेले शिपाई हे दृश्य आमच्या वडिलांच्या पिढीला नित्याचे होते. इंग्रजांनी वस्तूही आपल्याकडून उचलली आणि 'पट्टी' हा शब्दही. वहिनींनी त्या पट्ट्या पाहिल्या आणि विचारले, "याच बांधल्या तर?" डॉक्टरांनी हसून नकार दिला. दाब कोठे किती पडतो हे बांधणाऱ्याच्या हातावर अवलंबून, आणि वरच्या बाजूला अधिक आवळले गेले तर हिताऐवजी अपाय.

डॉक्टरांनी 20 ते 30 मिलिमीटर दाबाचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे लिहून दिले; तेही पायांतल्या रोहिण्यांचे अभिसरण तपासून घेतल्यावर. मधुमेहाच्या आणि धूम्रपान करणाऱ्या माणसांच्या रोहिण्या आधीच अरुंद झालेल्या असू शकतात. त्यांवर आणखी दाब दिला तर पावलाला रक्तच पोचत नाही. म्हणून दुकानात जाऊन आपल्या मनाने मोजे विकत घेणे शहाणपणाचे नाही. माप घ्यावयाचे ते सकाळी, सूज चढण्यापूर्वी. घालावयाचे तेही अंथरुणातून पाय खाली टाकण्याच्या आत. हे घालणे म्हणजे एक कसरतच आहे. मोजा घोट्यापर्यंत उलटा करून पावलात चढवावा, मग तळहातांनी थोडा थोडा वर सरकवावा. ओढून वर घेऊ नये, आणि वरचा काठ दुमडू नये, कारण दुमडलेला काठ गुडघ्याखाली दोरीसारखा आवळतो. भांडी घासण्याचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली येते, हा शोध आमच्या सौभाग्यवतींचा. एप्रिल-मे महिन्यांत घामाने कातडी खाजते तेव्हा रात्री मोजे काढल्यावर थोडे खोबरेल चोळावे आणि नखांना आवर घालावा. या रोगात खाजवून झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

येथेच काही निषेधांचाही उल्लेख करावयास हवा, कारण आपल्या समाजात उपाय सांगणाऱ्यांची वाण नाही. कढत पाण्याचा शेक घेऊ नये; उष्णतेने नीला आणखी पसरतात. फुगलेल्या शिरा जोराने रगडू नयेत. जळवांचा उपाय सुश्रुताचा खरा, पण तो जाणत्या वैद्याचा. परसातल्या डबक्यातून जळू धरून आणणाऱ्याचा नव्हे. सफरचंदाचा शिरका चोळून झडपा बऱ्या होतात असे सांगणारे एक सद्‌गृहस्थ आमच्या फिरण्याच्या मंडळीत आहेत; ते स्वतः मोजे घालतात. आणि एकाच पायाची पोटरी अकस्मात सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर पाय उंच करून वाट पाहत बसू नये. खोलवरच्या नीलेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत कळ आली तर ती गुठळी फुप्फुसापर्यंत गेल्याची शंका घेऊन त्याच घटकेला इस्पितळ गाठावे.

आता ओट्याची गोष्ट. आमच्या सुनांनी स्वयंपाकघरात एक उंच बैठकीचे स्टूल आणले, त्याच्यापुढे पाय टेकवावयास पाट मांडला. भाज्या चिरणे, कणीक मळणे, वाटण हे सारे बसून होऊ लागले. फोडणीला उभे राहणे आले तर वहिनी टाचा उचलून पुन्हा टेकवितात, वीस वेळा. सिस्टरांनी शिकविलेला हा भात्याचा व्यायाम. केरळात 2018 साली आणि तामिळनाडूत 2021 साली दुकानांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन काम करणाऱ्यांना बसण्याचा हक्क मिळाला. साडीच्या मोठमोठ्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी तो मागून घेतला. वर्तमानपत्रातील ती जुनी बातमी आम्ही वहिनींना वाचून दाखविली. त्यांनी विचारले, "मालकांनी खुर्च्या आणल्या का पण?" कायदा झाला एवढे आम्हाला सांगता आले. घरच्या ओट्याला कोणता कायदा लागू होतो, हे त्यांनी विचारले नाही.

2023 च्या हिवाळ्यात वहिनींनी डाव्या पायावर लेसरचा उपचार करून घेतला. पूर्वी शीर खेचून काढीत. आता सोनोग्राफीत पाहत बारीक तार आत घालून ती उष्णतेने आतून बंद करतात आणि रक्त दुसऱ्या निरोगी नीलांतून वाट काढते. त्याच दिवशी त्या चालत घरी आल्या. चार दिवस भाकऱ्या कोणी थापल्या, याचा तपशील येथे देत नाही. त्या जाड होत्या एवढेच सांगतो. घोट्यावरचा काळसरपणा गेलेला नाही, तो जाणारही नाही कदाचित, परंतु कातडी पूर्वीसारखी पातळ राहिलेली नाही. उजव्या पायाचे काय, असे डॉक्टर दर खेपेस विचारतात. वहिनींनी त्यांना मारियसची कथा ऐकविली आहे.

मोज्यांची लवचीकता सहा महिन्यांत सैल पडते. मग ते पायात असूनही नसल्यासारखे. या महिन्यात दोघांच्याही जोड्या बदलावयाच्या आहेत. काल पहाटे सौभाग्यवती फीत घेऊन वहिनींच्या खाटेशी गेल्या आणि वहिनींनी पांघरूण बाजूला सारून पाय तसाच वर ठेवला. घोटा साडेआठ इंच, पोटरी साडेतेरा. गेल्या खेपेस घोटा नऊ इंच भरला होता. आकडे आम्ही वहीत मांडून ठेवले आहेत. दुकान मंगळवारी बंद असते, तेव्हा बुधवारी जाऊ.